आधी तोंडात, मग वहीत

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ‘गोष्ट लिहा’ असं लिहिलं की पुढे काय होतं, हे प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. आधी दहा मिनिटं पेन्सिलींना टोकं काढली जातात. मग निम्म्या वह्यांत एकच वाक्य उमटतं: ‘एका जंगलात एक सिंह राहत होता.’ गोव्याच्या रानात गवा आहे, बिबट्या आहे, म्हादईच्या खोऱ्यात वाघ असल्याचे पुरावे आहेत. सिंह मात्र कुठेच नाही. तरी पेडण्यापासून काणकोणापर्यंत वह्यांतून सिंहच फिरतो. तो पाठ्यपुस्तकातून येतो, त्याच्यामागून कोल्हा आणि ससा येतात आणि शेवटच्या ओळीत तात्पर्य येतं. हीच मुलं मधल्या सुट्टीत आवाराच्या कठड्यावर बसून देवचाराची, राखणदाराची म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तींची, बांयत (विहिरीत) राहणाऱ्या म्हाताऱ्या कासवाची गोष्ट अशी रंगवतात की ऐकणाऱ्याच्या हातातला पाव तसाच राहतो.

त्यामुळे ‘आजकालच्या मुलांना कल्पनाशक्ती नाही’ ही तक्रार मला पटत नाही. अडतं ते दुसरीकडे. सात-आठ वर्षांच्या मुलाचं तोंड धावत असतं आणि हात अजून जोडाक्षरांशी झगडत असतो. त्याला राक्षसाची गोष्ट सुचलेली असते. ‘क्ष’ कसा काढायचा हे आठवेपर्यंत राक्षस डोक्यातून निघून जातो. मग मूल शहाणपणा करतं आणि लिहिता येतील तेवढेच शब्द वापरतं. राक्षसाचा ससा होतो, ‘गडगडाट’चा ‘आवाज’ होतो, आणि गोष्ट चार ओळींत आटपते. बाईंना वाटतं, याला काही सुचत नाही. त्याला सुचलेलं असतं, पण ते हातापर्यंत पोचत नाही.

म्हणून या वयात गोष्ट आधी तोंडात पुरी व्हायला हवी. लिहिणं त्याच्या मागून. ही रीत गोव्याला नवी नाही. पेडण्याकडे देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतार चालतो, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि कोण काय होणार एवढं आधी ठरतं, संवाद उभ्या उभ्या बोलले जातात. समोर मांडी घालून बसलेली मुलं हे पहाटेपर्यंत बघतात. गोष्ट बोलता बोलता घडते हे त्यांना माहीत आहे. वर्गात आपण तेवढी वाट मोकळी करायची.

वाट मोकळी करायची म्हणजे नेमकं काय? बहुतेक ठिकाणी एकेका मुलाला पुढे उभं करून गोष्ट सांगायला लावतात. यात पहिली चार मुलं बोलतात आणि उरलेली वीस चुळबूळ करतात. पाचव्यापासून सगळे पहिल्याचीच गोष्ट थोडी फिरवून सांगतात. जोड्या करणं कितीतरी चांगलं. दोघं समोरासमोर बसतात. एकाने तीन-चार मिनिटं सांगायचं आणि दुसऱ्याने फक्त ‘मग?’ एवढंच विचारायचं. सल्ला द्यायचा नाही, ‘असं कधी होतं का?’ म्हणायचं नाही. मग अदलाबदल. आणि आता जोड्या मोडून नव्या जोडीदाराला तीच गोष्ट पुन्हा सांगायची. ही दुसरी खेप वेळ कमी पडतो म्हणून गाळली जाते, पण सगळं मर्म तिच्यातच आहे. पहिल्या खेपेला मूल गोष्ट शोधत असतं, दुसऱ्या खेपेला ती सांगत असतं. पहिल्यांदा ‘तो गेला’ असतं, दुसऱ्यांदा ‘तो चिखलातून गेला आणि त्याची एक चप्पल आतच राहिली’ असं होतं. वर्गात गोंगाट होणार हे उघड आहे. शेजारच्या वर्गाची अडचण होत असेल तर मुलांना व्हरांड्यात किंवा आंब्याखाली न्यावं. गप्प बसवलेल्या वर्गात गोष्ट तयार होत नाही.

विषय द्यायचा की नाही, यावर शिक्षकांत वाद आहे. ‘तुम्हाला हवं ते लिहा’ हे ऐकायला उदार वाटतं, पण मुलाला त्याने काहीच मिळत नाही. चहूकडून मोकळं असलं की मूल ओळखीच्या वाटेला लागतं, आणि तिथे पुन्हा सिंह भेटतो. ‘मी ढग झालो तर’ हा विषयही थकला आहे. त्याचं उत्तर गाईडात छापलेलं असतं आणि ते पाठ असलेली दोन-तीन मुलं तरी प्रत्येक वर्गात सापडतात. मुलाला अरुंद वाट द्यावी, पण ती कुठे जाते ते आपण सांगू नये.

इटलीतले जियान्नी रोदारी आधी प्राथमिक शिक्षक होते, पुढे मुलांसाठी लिहू लागले. 1970 साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातून गोष्ट काढायची, हा खेळ त्यांनी शिक्षकांपुढे नीट मांडला. मराठीत तो फार छान चालतो, कारण आपल्याकडे विभक्ती आहेत. दोन डबे घ्यावेत. एकात घरातल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, दुसऱ्यात बाहेरच्या जगातल्या. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डब्यातून काढल्या की ‘शेत’ आणि ‘बैल’ अशी जोडी निघते आणि शेतकऱ्यावरचा निबंध तयार होतो, म्हणून डबे दोन. समजा ‘चंची’ आणि ‘फेरीबोट’ असे शब्द निघाले. आता फळ्यावर लिहायचं: फेरीबोटीत चंची. चंचीत फेरीबोट. फेरीबोटीची चंची. चंचीवरून फेरीबोट. पहिल्या जोडीतून हरवल्या-सापडल्याची गोष्ट निघेल, ती ठीकच आहे. दुसऱ्या जोडीला वर्ग हसतो आणि तिथेच पेटतो. आजीच्या चंचीत फेरीबोट कशी मावली? ती चोडणची की दिवाडीची? आजी पान खायला चंची उघडते तेव्हा आतल्या लोकांना उजेड दिसतो का? चुना कुठे सांडतो? एका प्रत्ययाने एवढं होतं. मुलं आपण होऊन पुढच्या जोड्या लावू लागली की आपण बाजूला व्हावं.

दुसरा नियम मला त्याहून मोलाचा वाटतो. गोष्टीत अशक्य अशी एकच गोष्ट घडू द्यायची, बाकी सगळं आपल्या गावात घडतं तसंच घडायला हवं. पहिल्यांदा ऐकताना हा नियम जाचक वाटतो. पण तो नसला की काय होतं ते पाहा. मुलगा उडू लागतो, मग त्याला जादूची अंगठी मिळते, मग राक्षस येतो, मग बॉम्ब फुटतो आणि सगळे मरतात. गोष्ट संपते, कारण पुढे काही उरतच नाही. काहीही घडू शकत असेल तर कशाचीच उत्सुकता राहत नाही, आणि हे मुलांनाही जाणवतं. अशक्य गोष्ट एकच असली की तिचे परिणाम शेवटपर्यंत धरून ठेवावे लागतात. कल्पनेची खरी मेहनत तिथे होते.

एक उदाहरण घेऊ. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करत येतो. अशक्य गोष्ट एवढीच: आज त्याची पों-पों ज्याला ऐकू येईल त्याचं मांजर होतं. बाकी सगळं नेहमीचं. हे सांगून थांबावं आणि मुलांनाच विचारू द्यावं. पहिला प्रश्न बहुधा येतो, ‘मग पोदेर?’ त्याला तर सगळ्यांत जवळून ऐकू येतं. मग तोच आधी मांजर झाला पाहिजे, आणि सायकल कोण चालवणार? कुणी म्हणेल, त्याने कानात कापूस घातला. मग त्याला आधीपासून माहीत होतं? कुणी म्हणेल, आमच्या आजोबांना ऐकू येत नाही. झालं, गोष्टीला नायक मिळाला. वाड्यावर सगळी मांजरं आणि मधोमध एकटे आजोबा, पाव मागायला बाहेर आलेले. त्यांना कळतच नाही की माणसं कुठे गेली. शाळेत मांजरं बाकावर बसलेली. बाई मांजर. पाव कोण खाणार, मांजरांना नुस्तं, म्हणजे मासळी, हवं. यातला एकही प्रश्न शिक्षकाने विचारायचा नाही. एका अटीतून ते आपोआप निघतात. पंधरा-वीस मिनिटं असं बोलून झालं की ज्या मुलाला लिहायचा कंटाळा असतो तेही वही उघडतं, कारण आता त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं आणि ते दुसऱ्याने सांगून टाकायच्या आत त्याला ते मांडायचं असतं.

अशा अटींना गोव्यात तोटा नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर गवत आणि कागद भरून नरकासुर उभा राहतो. यंदाचा नरकासुर म्हणतो, मला जळायचं नाही. बांधणारी मुलं काय करतील? चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, चिबूड, तोरिंगं, सुपाऱ्यांचे घोस टांगलेले असतात. रात्री सगळे झोपल्यावर त्यांतलं एक फळ हळूच खाली उतरतं. ते कुठे निघालंय? खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, काठच्या शाळांना तर मानस, म्हणजे बांधातली पाण्याची मोरी, आहे. भरतीचं पाणी चढलं की तिचं लाकडी दार पाण्याच्या दाबानेच मिटतं आणि ओहोटीला उघडतं. हे काम दिवसातून दोनदा चालतं आणि कुणाला दाराला हात लावावा लागत नाही. एखाद्या छोट्या माशाला त्या दारातून बाहेर पडायचं असेल तर त्याला वेळ पाळावी लागेल, आणि वेळ चुकली की गोष्ट सुरू. जे मूल रोज बांधावरून शाळेत येतं त्याला त्या दाराची कुरकुर माहीत असते, शेवाळाचा वास माहीत असतो. शहरातल्या लेखकाला शोधावे लागतील असे तपशील त्याच्या खिशात असतात. फक्त ते गोष्टीत चालतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता कागद. बोलून झाल्याबरोबर ओळी लिहायला लावू नये, मधे चित्र हवं. एक ए-फोर कागद आडवा धरून दोन घड्या घालायच्या की तीन चौकोन मिळतात. आधी तिसरा चौकोन काढायचा, म्हणजे शेवट. मग पहिला, मग मधला. उलटं वाटतं, पण यामागे कारण आहे. ‘आणि मग मला जाग आली, ते स्वप्न होतं’ हा शेवट मुलं का करतात? गोष्टीत गुंता झालेला असतो, घंटा व्हायला आलेली असते, आणि सुटायची ती एकच खिडकी त्यांना ठाऊक असते. शेवट आधी काढलेला असला की मुक्कामाचं ठिकाण समोर दिसतं. चित्रं साध्या पेन्सिलीने काढायची, रंग द्यायचे नाहीत. रंगपेटी उघडली की राजकन्येच्या घागऱ्यात अख्खा तास जातो आणि लिहायला दोन मिनिटं उरतात. रंग नंतर, पुस्तक करताना. चित्रांना दहा मिनिटं पुरतात, माणसं काड्यांची असली तरी चालतात.

पहिलीतल्या मुलांना आणि लिहिण्यात मागे असलेल्या कुणालाही लेखनिक द्यावा. मूल सांगतं, मोठं माणूस लिहितं. इथे पथ्य एकच, पण ते कडक पाळावं: मूल बोललं तेच लिहायचं. ‘मांजर म्हणालं मी जाणारच नाही जा’ असं ते बोललं तर कागदावर तेच उतरलं पाहिजे. आपण सवयीने ‘मांजराने जाण्यास नकार दिला’ असं सुधारून लिहितो आणि मुलाची गोष्ट तिथेच परकी होते. चार-पाच ओळी झाल्या की थांबावं, मुलाला बोट ठेवून त्या वाचायला लावाव्यात, कारण स्वतःचंच वाक्य असल्याने न ओळखलेला शब्दही ते अंदाजाने वाचतं. मग त्यातलं त्याला आवडलेलं एक वाक्य त्याने स्वतः खाली उतरवायचं. एक बाई रोज चार मुलांचं सांगणं लिहून घेऊ शकते, त्याहून जास्त ओढू नये.

गोव्यातल्या बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळांत पट लहान आणि दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. या कामात ती सोय आहे. चौथीची मुलं पहिलीच्या मुलांचे लेखनिक होतात. मोठ्या मुलाचं हस्तलेखन सुधारतं, छोट्याला रोज कुणीतरी ऐकून घेतं. बिघडतं एवढंच की चौथीतला शहाणा मधेच गोष्ट आपल्या हातात घेतो, सशाला बंदूक देतो, शेवट बदलतो. म्हणून लिहून झाल्यावर त्याने ती मोठ्याने वाचून दाखवायची आणि छोट्याने ‘हो, असंच’ म्हणायचं. तो ‘न्हय’ म्हणाला तर पुन्हा लिहायचं.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. मराठी माध्यमाच्या शाळेत बसलेलं गोव्यातलं मूल घरी बहुधा कोकणी बोलतं, तीही पेडण्याची वेगळी, अंत्रुजातली म्हणजे फोंड्याकडची वेगळी, काणकोणची वेगळी. कर्नाटकातून कामासाठी आलेल्या घरांतली मुलं कन्नड किंवा लमाणी बोलतात. अशा मुलाच्या पहिल्या खर्ड्यात सरमिसळ असणार. समजा दुसरीतल्या मुलीने लिहिलं:

‘एक मानगें होत. तें न्हंयत रावत होत. ताका भूक लागली. तें पोदेराचो पाव खाल. मग ताच पोट दुखल. मग तें रडल.’

लाल पेन उघडलं तर या तीन ओळींत दहा ठिकाणी खुणा होतील. ‘होत’, ‘रडल’ यांवर अनुस्वार नाहीत, ‘तें’ कोकणी, ‘ताका’ कोकणी. खुणा झाल्या की पुढच्या वेळी ही मुलगी नदी आणि मगर दोन्ही सोडेल आणि सिंहाकडे वळेल. तिच्याकडे असलेलं धन आधी पाहायला हवं. तिने मगर निवडली. फोंडा तालुक्यातल्या बोरीसारख्या खाजनाच्या गावांत पौष अमावास्येला ओल्या मातीची मगर करून तिची पूजा करतात, म्हणजे तिच्या अंगणातच हे पात्र आहे. त्या मगरीला तिने भूक दिली, आणि भुकेसाठी मासा न देता पाव दिला. गोष्टीचा सगळा जीव त्या पावात आहे. म्हणून पहिला प्रतिसाद पेन्सिलीने, समासात, प्रश्नाच्या रूपात: ‘मानग्याला पाव मिळाला कसा?’ बस्स. ती येऊन सांगेल, पोदेराची सायकल पुलावरून जाताना पाव पाण्यात पडले. ‘हे लिही की!’ एवढंच म्हणायचं. दुसरा प्रश्न दुसऱ्या दिवशी: ‘तें रडलं तेव्हा कुणी ऐकलं?’ आता गोष्टीत दुसरं पात्र येईल.

प्रश्न विचारतानाही जपावं लागतं. काही प्रश्नांनी गोष्ट उघडते, काहींनी बंद होते. ‘मग त्याला शिक्षा झाली का?’ असं विचारलं की मूल लगेच तात्पर्य शोधू लागतं, कारण मोठ्या माणसाला काय हवंय हे ओळखण्यात मुलं तरबेज असतात. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न तर या तासापुरता कुलपात ठेवावा. काय दिसलं, कुणाला नको होतं, आवाज कसा आला, तेव्हा पाऊस होता का, असे प्रश्न विचारावेत.

भाषा मराठीकडे कशी आणायची? पक्क्या प्रतीत. खर्डा मुलाच्या तोंडातल्या भाषेत राहू दे. पक्की प्रत करताना सांगायचं की निवेदन मराठीत, पात्रांचं बोलणं त्यांच्या घरच्या भाषेत. हा तोडगा मला सगळ्यांत न्याय्य वाटतो. मानगें ‘माका भूक लागल्या’ असं म्हणतं आणि खाली निवेदन येतं, ‘असं म्हणून ते रडू लागलं.’ मुलीला कुठेही आपण चुकलो असं वाटत नाही, आणि दोन भाषांची घडण वेगळी असते हे व्याकरणाच्या धड्याआधीच तिच्या कानाला कळतं. कन्नड बोलणाऱ्या मुलाला बोलण्याच्या तासाला त्याची भाषा समजणारा जोडीदार द्यावा. त्याने पूर्ण गोष्ट आपल्या भाषेत सांगून घ्यावी, मग दोघांनी मिळून जमेल तेवढी मराठीत मांडावी.

दुरुस्ती करायचीच नाही असं मी म्हणत नाही. एका गोष्टीत एकच प्रकारची चूक घ्यावी, आणि सुरुवात पूर्णविरामापासून करावी. मुलं ‘आणि मग, आणि मग’ करत पानभर न थांबता जातात. त्यांना स्वतःची गोष्ट मोठ्याने वाचायला सांगावं आणि श्वास घेतला तिथे रेघ मारायला लावावी. बहुतेक रेघा बरोबर जागी पडतात. पुढच्या गोष्टीत शेवटच्या अक्षरावरचा अनुस्वार, कारण ‘गेल’ आणि ‘गेलं’ यांतला फरक वाचताना लगेच ऐकू येतो. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत थांबू शकतात. बाकीच्या चुका शिक्षकाने आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात. जी चूक अर्ध्या वर्गात दिसते तिच्यासाठी भाषेच्या तासाला वेगळा धडा घ्यावा, कुणाचंही नाव न घेता. आणि खर्ड्याच्या वेळी खोडरबर गोळा करून ठेवावेत. ज्याच्या हाती खोडरबर आहे ते मूल एकच वाक्य पाच वेळा पुसतं, कागद फाटतो, मग नवा कागद, मग रडू. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. खोडलेलं दिसलं तर आपल्यालाही कळतं की मूल कुठे अडलं होतं.

मारामारीच्या गोष्टींनी शिक्षक घाबरतात. कार्टूनमधला एकजण दुसऱ्याला आपटतो, तिसरा चौथ्याला, आणि पानभर ‘धडाम धडाम’. उपदेशाने हे थांबत नाही. एकाला नाव द्यायला सांगावं आणि विचारावं, ‘हा संध्याकाळी घरी गेला तेव्हा आईने काय विचारलं?’ मार खाणाऱ्याला घर मिळालं की गोष्टीचा वेग आपोआप उतरतो.

पण कधी कधी गोष्टीतला राक्षस रात्री दारू पिऊन येतो आणि पट्टा काढतो. अशी गोष्ट वर्गात वाचून दाखवू नये, भिंतीवर लावू नये आणि लेखन म्हणून तिचं कौतुकही करू नये. मुलाशी एकट्याने, शांतपणे बोलावं. त्याला उलटसुलट प्रश्नांनी घेरू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नये. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगावं. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहे, तिचा उपयोग करावा. कल्पनेच्या आडून मुलं खरं सांगतात, आणि ते ऐकू आल्यावर काही न करणं फार वाईट.

परीक्षेत ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ येतं, तेव्हा त्याचा सराव हवाच. तो वेगळ्या दिवशी घ्यावा. मुद्दे दिलेल्या गोष्टीत सांगाडा तयार असतो, मुलाने वाक्यं जोडायची असतात. ते कौशल्य वेगळं आहे, आणि त्यालाच गोष्ट म्हणायची सवय लागली की मुलं नेहमी कुणीतरी मुद्दे देईल म्हणून थांबतात. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. ते चांगलंच आहे. पण जे मोजता येतं तेच वेळापत्रकात शिल्लक राहतं, हा धोका आहे. आठवड्यातले जोडून दोन तास गोष्टीसाठी राखले आणि ते सहलीच्या तयारीला, गॅदरिंगच्या सरावाला दिले नाहीत, तर वाचनालाही त्याचा फायदा होतो. स्वतःचं आणि मित्राचं लिखाण मूल पुन्हा पुन्हा वाचतं.

गोष्टीला वाचक मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी पुस्तक हवं. एका ए-फोर कागदाचं आठ पानी पुस्तक कुठल्याही वर्गात होतं. कागद तीनदा निम्म्यात दुमडून उघडायचा, आठ चौकोन दिसतात. मग तो आडव्या बाजूने एकदाच निम्म्यात दुमडायचा, दोन आखूड कडा एकमेकींवर येतील असा. आता घडीच्या बाजूने, मधल्या रेषेवरून, पहिल्या आडव्या घडीपर्यंतच कापायचं. उघडल्यावर कागदाच्या मध्यभागी चीर दिसते. लांबीच्या दिशेने दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर फाकते, अधिकचं चिन्ह तयार होतं आणि पानं एकावर एक बसतात. एक मुखपृष्ठ, एक मलपृष्ठ, आत सहा पानं. गोंधळ नेहमी एकाच जागी होतो: मुलं घडीच्या बाजूने न कापता सुट्या कडांच्या बाजूने कापतात आणि कागदाला मधे चीर पडायच्या ऐवजी दोन्ही कडा फाटतात. म्हणून कापण्याआधी प्रत्येकाने घडीवर बोट ठेवून दाखवायचं, मग कात्री. कात्र्या चार पुरतात. आणि आधी दुमडून पानांवर पेन्सिलीने आकडे टाकावेत, कारण कागद उघडा असताना लिहिलं तर अर्धी पानं उलटी येतात.

मोठ्या गोष्टीला चार कागद एकात एक घालून निम्म्यात दुमडावेत, सोळा पानं होतात. ते शिवावेत, स्टेपल करू नयेत. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत एवढी ओल असते की पिना गंजतात, पानाला तपकिरी डाग पडतो आणि तिथूनच ते फाटतं. घडीवर दाभणाने तीन भोकं: एक मधे, दोन कडांपासून दोन बोटं आत. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर आणि परत मधल्यातून आत घालून लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंच्या टोकांची गाठ मारावी. भोकं शिक्षकाने पाडावीत, ओवायचं काम तिसरीपासूनची मुलं नीट करतात. मुखपृष्ठावर लेखकाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि साल. ही पुस्तकं कुलपाच्या कपाटात ठेवू नयेत. झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात, पहिलीच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठेवावीत, आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी खोकं व्हरांड्यात उघडं टाकावं. पालक सभेच्या दिवशी आईवडिलांना आपल्या मुलाचं पुस्तक वाचायला द्यावं. त्याआधी त्यांना एक सांगून ठेवावं: आज अनुस्वार बघू नका, त्याला विचारा, मानग्याला पाव मिळाला कसा.